बहिरीचा चाकू

प्रिय छोट्या,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेला. खोडणार होते, पण कागद चांगला आहे आणि पुढे बरंच लिहायचंय, म्हणून राहू दे.

तुझं पाकीट सोमवारी आलं. आत तुझ्या पुस्तकाची कच्ची पानं, तुझ्या कंपनीने आपल्या दुकानाच्या नावाने काढलेला एक कोरा करकरीत चाकू आणि तुझी चिठ्ठी: ‘ताई, आपल्या दुकानाचा भाग आहे, नजर टाक. काही चुकलं असेल तर कळव, महिनाअखेरीला छपाईला जातंय.’ नजर टाकली. एकदा नाही, तीनदा टाकली. तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. आज गुरुवार. चार दिवस मी धारेच्या चाकासमोर बसून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय आणि त्या नादात दोन चांगली पाती जास्त दाबली गेली, तापून निळी पडली. निळं पडलेलं पातं फुकट गेलं, त्याची धार पुन्हा टिकत नाही, एवढं तरी तुला आठवत असेल. बाबा असते तर त्यांनी माझी कानउघाडणी केली असती. आता ते नाहीत, म्हणून ती मी तुझी करतेय.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील ताईला खोट काढण्यापलीकडे काही येत नाही. पुस्तक तू मन लावून लिहिलंयस. आपल्या गल्लीत एकच घडीचा चाकू तीन दुकानांत तीन नावांनी का ओळखला जातो, हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. तो करंगळीएवढा, दोन्ही टोकांना फुगीर आणि मध्ये बारीक चाकू आपल्याकडे ‘शेंग’, समोरच्या काकांकडे ‘बाहुली’ आणि कोपऱ्यावरच्या कारखान्यात नुसता ‘सात नंबर’, कारण तिथले मालक सैन्यातून आलेले आणि त्यांना दिसेल त्या वस्तूला नंबर द्यायची हौस. वाकड्या पात्याचा तो आपला ‘माळ्याचा’, कारण आपल्याकडे तो आधी माळ्यांनी नेला. काकांकडे तोच ‘चोच’, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांनी पात्याचा आकार बघून बोट दाखवलं. एक मोठं पातं आणि त्याच्या कुशीत दोन लहान पाती, ती ‘लेकुरवाळी’, हे तू इतकं छान लिहिलंस की मी ते पान आईला दाखवलं. फक्त ‘सासूबाई’ गाळलीस. उघडताना नख तोडणारी आणि मिटताना बोट धरणारी. ती का गाळलीस ते मला कळलं; पुस्तक तुझ्या बायकोची आईही वाचणार असेल.

‘खलाशी’ची गंमतही बरोबर लिहिलीस, पण सभ्यपणे लिहिलीस. आपल्या ‘खलाशी’चं टोक बोथट, म्हणजे हलत्या बोटीवर काम करताना कुणाच्या अंगात घुसायला नको, काकांच्या ‘खलाशी’ला पात्याच्या जोडीला दोराच्या गाठी सोडवायला जाड सुई. एका बोटवाल्याने काकांकडे तीन डझन मागवले, काकांकडे दोनच डझन निघाले, तेव्हा बाबांनी शेजारधर्म म्हणून आपल्यातले डझनभर दिले. ते सगळे परत आले, सोबत असं पत्र की ते बाबांनी आम्हाला वाचू दिलं नाही. मग बाबा आणि काका आठवडाभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून, खरा ‘खलाशी’ कुणाचा यावर एकमेकांचे पूर्वज काढत होते. दोघेही बरोबर होते. तू लिहिलंयस, ‘दोन कारागिरांत मतभेद झाले.’ मतभेद! काकांनी हातोडी फेकली होती.

पण या सगळ्याच्या मुळाशी जी रीत आहे, ती तू एका ओळीतही लिहिली नाहीस. विसरलास असं मला वाटलं होतं. एकसष्टाव्या पानावर कळलं की विसरला नव्हतास, सोयीने गाळली होतीस. म्हणून मीच सांगते, जसं काही तू या घरात वाढलाच नाहीस. आपल्या गल्लीत चाकू करणारा चाकूचं नाव ठेवत नाही. नवा घाट तयार झाला की काचेच्या पेटीत त्याला एक खण मिळतो आणि खणापुढे कोरी लाकडी पट्टी. वर्षभर कोरी. त्या वर्षात गिऱ्हाइकं तो ज्या शब्दाने मागतात, त्यातला जो शब्द टिकतो तो रंगवायचा. चाकू आपण करायचा, नाव तो ज्यांच्या खिशात जातो त्यांनी ठेवायचं, असं बाबा म्हणायचे. स्वतः बाबांनी हाडाच्या मुठीचा तो लांब मानेचा चाकू केला तेव्हा त्याला ‘राजहंस’ म्हणावं म्हणून किती खटपट केली! येईल त्याला सांगायचे, बघा हा राजहंस. लोक म्हणायचे, हो हो, ते बदक द्या. वर्ष संपलं आणि बाबांनी तोंड वाकडं करून स्वतःच्या हाताने ‘बदक’ रंगवलं. आजही ती पट्टी तिथेच आहे. मालकाची इच्छा गिऱ्हाइकापुढे चालत नाही, हा त्या पेटीचा एकमेव नियम.

आता एकसष्टावं पान. तुझेच शब्द तुला वाचून दाखवते, कारण ते तू शुद्धीवर असताना लिहिलेस यावर माझा विश्वास बसत नाही. ‘मौन. या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. घराण्याचे मूळ पुरुष मितभाषी आणि चिंतनशील होते. शांततेच्या ध्यासातून त्यांनी हा चाकू घडवला, म्हणून तो मौन.’ छोट्या, आजोबा आणि मितभाषी? आजोबा शिंकले तर काकांच्या दुकानातले तराजू हलायचे. आजोबांनी जन्मात घडीचा चाकू केला नाही. ते शिंप्यांच्या कात्र्या करायचे आणि त्याही वाकड्या. आणि ‘मौन’? आख्ख्या पेटीत सगळ्यात जास्त आवाज करणारा चाकू तो! बाकीचे चाकू उघडताना एक टाळी देतात, हा दोन देतो. दोन टाळ्या देणाऱ्या चाकूला तू मौन म्हणतोस आणि खाली स्वतःचं नाव छापतोस. काकांना ते पान दाखवलं तर ते इतके हसले की खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मला हसू आलं नाही. त्या चाकूचं नाव ‘बहिरीचा’ आहे. चौतीस वर्षं आहे. आणि तो आजोबांनी नाही, आपल्या आईने केला.

तुला माहीत आहे. तरी सगळं लिहून काढते, म्हणजे उद्या तुला म्हणता येणार नाही की माहिती मिळाली नाही. आई लग्न होऊन आली ती सरळ घणाच्या यंत्राच्या खोलीत. स्वयंपाकघर नंतर दिसलं, असं ती सांगते. भिंतीपलीकडे नाही, दोन हातांवर तो घण दिवसभर आदळायचा आणि दुसऱ्या बाजूला धारेचं चाक. तू झालास तेव्हा तिला तुझं रडणं दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचं नाही, मी धावत जाऊन तिचा पदर ओढायची. तू शाळेत जायला लागलास तोवर सगळं संपलं होतं. आपल्या धंद्यात हे हात तुटण्यापेक्षा वाईट. चाकू चांगला की वाईट हे कळतं ते टाळीवरून. पातं उघडून मुठीतल्या स्प्रिंगच्या पट्टीवर बसतं तेव्हाची ती टक्क. टाळी भसाडी आली तर पट्टी सैल, चिरकी आली तर घासतेय. कानशीचंही तसंच. मुठीच्या आत लपलेली पात्याची टाच गोल घासायची असते, आणि पुरेशी गोल झाली की कानशीचा आवाज बदलतो, तिथे थांबायचं. आईला तो बदललेला आवाज ऐकू आला नाही. ती घासत राहिली, घासत राहिली आणि टाचेची एक बाजू सपाट झाली.

मी सोळा वर्षांची होते, शेजारी बसून मुठी पुसत होते, म्हणून मला ते सगळं दिसलं. बाबांनी तो चाकू उघडला, तो अर्ध्यावर अडकला. बाबा ओरडले. ते ओरडणं ऐकू न येणाऱ्या बाईवर ओरडतायत हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, मग त्यांनी चाकू भंगाराच्या डब्यात टाकला. आईने तो बाहेर काढला. मूठ जबड्याच्या हाडाला टेकवली आणि पातं उघडलं. अर्ध्यावर एक टक्क, पूर्ण उघडल्यावर दुसरी. तिने पुन्हा केलं. पुन्हा केलं. छोट्या, तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. चार वर्षांनी तिला टाळी कळली होती. कानाने नाही, हाडाने. गोल टाचेची एक टाळी तिला पुसट लागायची, खरी की भास ते कळायचं नाही. सपाट टाचेने दोनदा ठोका दिला की शंकाच उरायची नाही. त्या दिवसापासून ती सगळ्या पात्यांची टाच एका बाजूने मुद्दाम सपाट करायला लागली आणि बाबा गिऱ्हाइकांची माफी मागायला लागले.

माफीची गरज पडली नाही. टपालखात्यातला एक शिपाई दिवसभर पार्सलांच्या दोऱ्या कापायचा. साधा चाकू दोनदा त्याच्या बोटावर मिटला होता. दोन बोटांना पट्ट्या बांधून आला. त्याला बाबांनी कसंबसं आईचं ते ‘चुकलेलं’ पातं दिलं, निम्म्या किमतीत. आठवड्याने तो आणखी तिघांना घेऊन आला. म्हणाला, हा मिटताना मध्ये थांबतो हो, बोट काढायला वेळ देतो. त्या बहिरीने केलेला, तसलेच द्या. पुढे सुतार आले, दवाखान्यातल्या परिचारिका आल्या, थरथरत्या हातांचे म्हातारे आले. सगळे एकच शब्द घेऊन. बहिरीचा आहे का? मोठ्या मुठीत बहिरीचा मिळेल का? काकांनी नक्कल केली आणि त्यांच्याकडे त्याचं नाव पडलं ‘थांबा’. कोपऱ्यावर झाला ‘नऊ नंबर’. आपल्याकडे पट्टी अजून कोरी.

वर्ष भरलं तेव्हा बाबा रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन पेटीसमोर आले. मग म्हणाले, ‘दोन टाळी’ लिहू, तेही काहीजण म्हणतात. कुणीही म्हणत नव्हतं. आई त्यांचे ओठ बघत होती. तिने त्यांच्या हातातून कुंचला काढून घेतला, पट्टी मांडीवर ठेवली आणि स्वतः लिहिलं, ठसठशीत अक्षरात, शेवटच्या चा-ला जागा पुरली नाही म्हणून तो बारीक आणि वाकडा. आणि पुढच्या रांगेत, दारातून आत आल्या आल्या दिसेल अशी ठेवली. तिला कुणी बहिरी म्हटलं नव्हतं असं नाही. तोपर्यंत लोक तिच्या मागून म्हणायचे. त्या दिवशी तिने ते पुढून म्हणायला लावलं. त्या पट्टीवर तिने काय मिळवलं हे बाबांना कळलं. मला कळलं. तुला कळायला हवं होतं, इतकीच माझी तक्रार आहे, आणि ती मोठी आहे.

तू नऊ वर्षांचा होतास. शाळेला जाताना, दप्तर खांद्यावर, पेटीपाशी एक क्षण थांबायचास आणि ती पट्टी उलटी करून ठेवायचास. रंगवलेली बाजू आत. तू गेलास की मी ती सरळ करायची. हे किती महिने चाललं ते मी मोजलं नाही, पण बरेच. मी आईला कधी सांगितलं नाही. कारण मला ठाऊक होतं तू का करतोस. शाळेच्या फाटकापाशी ती तुला न्यायला उभी असली की ती चार मुलं तिच्या पाठीमागे जाऊन जोरात टाळ्या वाजवायची, आई वळायची नाही, आणि मुलं खिदळायची. मी एकदा पाहिलं. एकाला धरून बदडलं, त्याची आई घरी भांडायला आली, ते तुला आठवत असेल. तू मात्र त्या दिवसापासून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने घरी यायला लागलास आणि आई या बाजूने तुझ्या चालीने चालायची. मी स्वतःला समजावलं, पोर आहे, शरम वाटते, मोठा झाला की समजेल. आता तू त्रेचाळीस वर्षांचा आहेस, केबिनमध्ये बसतोस, दाराला तुझ्या नावाची पाटी आहे, आणि अजून तुझी शरम नऊच वर्षांची आहे. त्या मुलाला मी माफ केलं होतं. तुला नाही करणार.

मंगळवारी आईने ते पान मागितलं. मी लपवत होते, पण तिच्यापासून काय लपतंय! चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तिने शेवटपर्यंत वाचलं. मग तू पाठवलेला नमुना उचलला, जबड्याला लावला आणि उघडला. पुन्हा उघडला. मला वाटलं तिचं हाड आता थकलं असेल, पण ती म्हणाली, “एकच टाळी आहे.” मी पातं काढून बघितलं. टाच गोल! तुझ्या कंपनीने ती सपाट बाजूच काढून टाकली. एका यंत्राचं एक काम वाचलं असेल. बाहेरची मूठ आपली, पितळी टोक आपलं, आणि आत जे आईचं होतं तेवढंच नेमकं नाही. हा चाकू टपालाच्या त्या शिपायाची बोटं पुन्हा कापेल. आईने तो मिटून माझ्या हातात दिला. तिचा आवाज तुला माहीत आहे, कधी वर जातो, कधी खाली, तिचा तिला पत्ता नसतो. एवढ्या मोठ्याने म्हणाली की रस्त्यावरचा माणूस थांबला. “हा त्यांचा. त्यांनी मौन म्हणावं नाहीतर काहीही म्हणावं. मग माझा कुठे गेला?”

मी पानं गोळा करायला लागले. तेव्हा ती माझ्या डाव्या कानाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, “लहान होता तेव्हा पट्टी हाताने फिरवायचा. आता छापखान्यात फिरवली.” माझ्या हातातून पानं पडली, छोट्या. मी विचारलं, तुला ठाऊक होतं? तर माझ्याकडे बघून म्हणाली, “मला ऐकू येत नव्हतं गं. दिसत होतं.” एवढी वर्षं तिला ठाऊक होतं आणि तिने तुझ्या डब्यात कधी एक घास कमी घातला नाही. वर मला बजावलं की त्याला काही लिहू नकोस, लागेल त्याला. म्हणून हे पत्र मी तिच्यामागे लिहितेय, ती वर झोपलीय दुपारची. लागू दे तुला. लागावं म्हणूनच लिहितेय.

तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. कंपनीला असं नाव चालत नाही, असा शब्द हल्ली छापत नाहीत, कुणाच्या भावना दुखावतात. कुणाच्या? ज्या बाईच्या भावनांची तुला एवढी काळजी, ती अजून जिवंत आहे, बहात्तर वर्षांची आहे, रोज सकाळी दहा पाती घासते. तिला विचारायचं होतंस. तो शब्द शिवी होती तेव्हा तिने तो उचलून घासला, पुसला आणि पेटीत मांडला. तू तो पुन्हा शिवी करून ठेवलास. त्याच्यापेक्षा त्या मुलांच्या टाळ्या बऱ्या होत्या. ती निदान परकी होती.

एकसष्टावं पान मी फुली मारून परत पाठवतेय. त्याच्या पाठीवर मी असं लिहिलंय आणि हे असंच छापायचं, एक शब्द इकडचा तिकडे न करता: ‘बहिरीचा. इतर दुकानांत थांबा, नऊ नंबर. करणारी या घराची सून, लेखकाची आई. तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून टाच सपाट झाली. हाताला बरं वाटलं, म्हणून तशीच राहिली. नाव गिऱ्हाइकांनी ठेवलं आणि तिने स्वतः रंगवलं.’ कंपनीने टाच गोल ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी, पण मग त्या चाकूला आपल्या दुकानाचं नाव लावू नये. आणि ‘लेखकाची आई’ हे दोन शब्द गाळलेस तर या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. रागात म्हणतेय, पण खोटं म्हणत नाहीये.

आता तुला वाटत असेल, ही बाई एवढी सहा पानं खरडतेय, फोन का उचलत नाही. तू सोमवारपासून रोज फोन करतोयस हे काकांनी सांगितलं. ते रस्ता ओलांडून येतात आणि हाताने खूण करतात की अगं, वाजतोय. मी रुसले असं तू त्यांना म्हणालास. रुसले असते तर उचलून कडाकडा बोलले असते, तू मला ओळखतोस. छोट्या, मला फोन ऐकू येत नाही. घरात फोन वाजतो आणि आम्ही दोघी आपापलं काम करत बसलेल्या असतो. गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. जाड दाराच्या लहान खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं आणि खुणेने सांगितलं, आवाज आला की दाबा. डाव्या कानात दोन-चारदा आला, मग उजव्यासाठी बटण धरून बसले, आता सुरू होईल, मग होईल. तेवढ्यात ती मुलगी दार उघडून आत आली आणि कागदावर लिहून दाखवलं, झालं. उजवा गेलाय. डावा थोडा आहे, तोही राहणार नाही म्हणाले. तेहेतीस वर्षं चाकासमोर काढली. कानात बोळे घातले तर टाळी ऐकू येत नाही म्हणून आपल्या गल्लीत कुणीच घालत नाही, सगळे एकाच माळेचे मूर्ख. तुला आईने चाकाजवळ फिरकू दिलं नाही. म्हणाली, एकाचे तरी कान राहू देत. तो एक तू होतास आणि त्या जागेवर मी बसले. त्याचा मला कधी राग आला नव्हता. एकसष्टावं पान वाचलं आणि सगळा एकदम आला. चाकू आता मीही जबड्याला लावते, आई सरावलेल्या हाताने माझी हनुवटी धरून जागा दाखवते. परवा गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाई आपल्या मैत्रिणीला माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि तिच्या ओठांवरचा शब्द मला वाचता आला. ओठांवरून वाचलेला माझा तो पहिला शब्द. आता लोक तो चाकू मागतील तेव्हा आईचा म्हणून मागतील आणि माझाही म्हणून. मला तो शब्द ऐकू येणार नाही. निदान छापलेला तरी वाचू दे.

रागावलेली, आणि काही केलं तरी तुझीच,
ताई